वरच्या वाडीची देवी कुठून आली

रखमाजी, तुमच्यावर लिहिते आहे. आवडलं नाही तर स्वतः येऊन सांगा, निरोप धाडू नका. तांदूळ घेऊन भोरला माझ्याकडे आलात की तुम्हाला इतिहास ऐकायचा असतो. एकदा मी एका बायझंटाइन सम्राटाबद्दल सांगितलं. हजार वर्षांपूर्वी त्यानं मुलासाठी ग्रंथ लिहिला: शेजारचे लोक कोण, कुठून आले, काय मागतील. राजमुकुट मागितला तर म्हणायचं, तो देवदूतानं दिलाय, आम्हाला देता येत नाही.

"म्हंजे त्योबी देवावरच ढकलायचा!" म्हणून तुम्ही मांडीवर थाप मारलीत.

आता वाचकांना सांगते: त्याच साली रखमाजींची सून सुलक्षणा सरपंच झाली. विंझर गावापलीकडची त्यांची खालची वाडी उन्हाळाभर टँकरची वाट बघायची. झरा होता, पण वरच्या वाडीच्या हद्दीत. त्यांच्या होकाराशिवाय पाइप टाकता येईना. सुलक्षणा वर गेली आणि प्रेमानं म्हणाली, "आपण सगळे हितलेच, एकाच मुळाचे."

वरची वाडी चहा तसाच ठेवून उठली. म्हाताऱ्या अंबूबाईंनी सुनावलं, "आमी कोकणातनं घाट चढून आलो, देवीला डोक्यावर घिऊन. आमाला तुमच्यात कालवतीस व्हय?"

"मामा, म्या तर गोडच बोलले की," सुलक्षणा घरी येऊन रडकुंडीला आली.

रखमाजींना कळलं, पाणी आता कायमचं जातंय. ते म्हणाले, "त्यांची वाटच पुसलीस तू. परत जा. देवी कुठनं आली ते इचार, आन् मधी बोलू नगंस."

"आन् गावच्या जत्रंत पालखीचा पयला मान त्यांनी मागितला तर?"

"म्हणायचं, त्यो देवानं ठरवलाय, माझ्या हातात न्हाई."

सुलक्षणा गेली. देवी कुठं टेकली, कुणाच्या डोक्यावरून कुणाच्या डोक्यावर गेली, अंबूबाई दिवेलागणीपर्यंत सांगत राहिल्या. शेवटी मान मागितलाच. सुलक्षणानं पढवलेलं उत्तर दिलं.

"सासऱ्यानं शिकवलंय हे!" अंबूबाई खदखदून हसल्या. "न्या पाणी. पर पयला हंडा आमच्या देवीला."

खालच्या वाडीत आता नळ आहे. सुलक्षणा सरपंचपदाला दुसऱ्यांदा उभी राहते आहे.

आणि रखमाजी, तुम्हीच म्हणालात, "बाई, अंबूबाईंची गोष्ट लिवून घ्या, दोघं जाऊ." आधी तुमचा गुडघा, मग माझा मोतीबिंदू, मग तुमची भातलावणी. तिकडं अंबूबाई नव्वदीला आल्या. आपण वरच्या वाडीला काही गेलो नाही.