निळ्या पट्टीखालची भिंत

हवाईसुंदरींच्या मुलाखती होत्या त्या हॉलमध्ये भिंतीवर एक निळी पट्टी चिकटवली होती. विमानातल्या वरच्या कप्प्यापर्यंत हात पोचायला हवा, म्हणून मुलींनी सँडल काढून, चवड्यांवर उभं राहून तिला बोट लावायचं. माझी भाची अर्धा इंच कमी पडली.

“मावशी, घरी फळीवरचे डबे मीच काढते गं,” ती म्हणाली.

इंग्रजी तिने वर्षभर घोटलं होतं. उंचीचा मात्र अभ्यास करता येत नाही. पट्टीखालची भिंत घामेजल्या बोटांनी मळली होती. न पोचलेल्या मुली कुठवर पोचल्या, हे फक्त तिथंच दिसत होतं.

हॉल रिकामा झाल्यावर तिने पुन्हा सँडल काढले. बोट त्याच मळक्या जागी टेकलं. तिने ते लगेच काढलं नाही, आणि मी तिचे सँडल उचलून हातात धरले.