नानांनी मोजून बांधलेल्या तीन चकत्या

माझ्या फजित्या तुम्ही ऐकल्या असतीलच, मीच सांगत फिरतो. पेट्रोलच्या गाडीत डिझेल भरलं तेव्हाची. हँडब्रेक विसरलो आणि गाडी एकटीच उतारावरून रसवंतीत शिरली तेव्हाची. पण त्याच गाडीची एक गोष्ट आजवर तोंडातून निघालेली नाही. बायकोलाही अर्धीच ठाऊक आहे. ती सांगायची म्हटली की — हसू नेमकं कुठे आणायचं तेच सापडत नाही.

गाडी वडिलांची, जुनी अँबॅसिडर. मागच्या एक्सलमधून तेल गळायला लागलं म्हणून जळगावहून एरंडोलला नेली, नाना मिस्त्रींकडे. मागचं हौसिंग, म्हणजे एक्सलचं लोखंडी कवच, उघडावं ते नानांनीच. त्यांची एक रीत होती. निघालेला प्रत्येक भाग मोठ्यानं मोजायचा, रॉकेलनं धुवायचा, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायचा आणि बोचकं खुंटीला टांगायचं. त्या बोचक्यातून कधी एक वॉशर हरवला नाही — हे नाना सांगत नसत, गाव सांगायचं.

एका दुपारी ते जेवायला गेले. मला जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर फोटो टाकायची भारी हौस. बोचकं सोडलं, भाग बाकावर मांडले. तीन शिम तेवढ्या उन्हात नेल्या, चमकतील म्हणून. शिम म्हणजे बांगडीएवढ्या पातळ पोलादी चकत्या; आतल्या दातेरी चाकांत नेमकं अंतर राहतं ते त्यांच्यामुळे. फोटो काढले, चकत्या खिशात टाकल्या, बाकीचं होतं तसं बांधलं. आणि विसरलो!

संध्याकाळी बायकोनं धुवायचा कुर्ता झटकला. "या कुणाच्या बांगड्या?" मी पोट धरून हसलो. इथवर गंमतच आहे, नाही का?

दुसऱ्या दिवशी त्या खिशात घालून एरंडोलला निघालो. फजितीची वाक्यंसुद्धा वाटेत जुळवली.

पोचलो तर नाना अंगणात ओणवे. दोरीला लोहचुंबक बांधून मातीतून ओढत होते. भोवती चार माणसं. शेजारचा टायरवाला म्हणाला, "नाना, आते चष्मा बदला, नहीते धंदा!" सगळे हसले. नाना मान वर न करता एवढंच म्हणत होते, "बठ्ठं मोजीसन बांधेल व्हतं मी."

माझा हात खिशातच होता. सांगितलं असतं तर ते हसू माझ्याकडे वळलं असतं. आणि मी तर स्वतःवर लोकांना हसवणारा माणूस! पण आपण ठरवून हसवणं निराळं — हे मला त्या अंगणात कळलं. चकत्या हळूच मातीत टाकल्या असत्या तरी चुंबकाला लागल्या असत्या. तेही सुचलं होतं. सुचलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

त्याऐवजी मी बोललो. कुणी विचारलं नसताना. काय बोललो सांगू?

"नाना, वय झालं की होतं असं."

त्यांनी चुंबक खाली ठेवलं.

मग लेथवर नव्या चकत्या करून घेतल्या. केसभर फरक राहिला. गाडी चाळीसच्या पुढे गेली की मागून बारीक कण्हल्यासारखा आवाज येतो. त्यानंतर नानांनी एकही हौसिंग उघडलं नाही. गिऱ्हाईक आलं की धुळ्याला पाठवतात. "मना हातना भरोसा नही ऱ्हायना, भाऊ." आता ब्रेक बघतात, क्लचच्या तारा बदलतात.

मागच्या महिन्यात पद्मालयाहून येताना नानांच्या गॅरेजपाशी थांबलो. नाना खिडकीतून आत वाकले.

"आवाज येस ना अजून? मनी चूक शे ती."

त्यांचा हात डॅशबोर्डवर टेकला होता. खाली खणात त्या तीन चकत्या होत्या, फडक्यात, मी बांधलेल्या.

"नाही नाना," मी म्हणालो, "आवाज गेला."

त्यांनी मान हलवली. मी गाडी काढली, आणि गॅरेज पार मागे पडेपर्यंत काटा चाळीसच्या पुढे जाऊ दिला नाही.