मी आहे ना

वागळे इस्टेटमधल्या त्या मेकॅनिककडे गाडी नेली की तो आधी डावं बोट वर करून आपल्याला गप्प करायचा. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचा. निदान सहसा चुकायचं नाही. सहा वर्षं मी दुसऱ्या कोणाला गाडी दाखवली नाही.

नंतर मी वापरलेलीच, पण ऑटोमॅटिक गाडी घेतली. डीलर वाढीव वॉरंटी घ्या म्हणून मागे लागलेला. मी फॉर्म घेऊन या मेकॅनिकला विचारायला गेले. त्याने तो वाचला नाही, त्याला ऑइलचे हात पुसले. "कशाला ताई? मी आहे ना." मला तेव्हा ते फार भारी वाटलं. फॉर्म मी तिथेच टाकून आले.

सात महिन्यांनी कळव्याच्या पुलावर गाडी गिअरच घेईना. टो करून त्याच्या दारात आणली. या वेळी त्याने बोट वर केलं नाही, बॉनेटही उघडलं नाही. "ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स आपण खोलत नाही. कंपनीत न्या."

शेजारी त्याची स्वतःची गाडी उभी होती, तीही जुनी घेतलेली. डॅशबोर्डवर त्याच वॉरंटीचा कागद, प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेला. त्यावर एकही डाग नव्हता.

मी कुठे बघतेय ते त्याला दिसलं. तो जराही ओशाळला नाही. लहान मुलाला समजवावं तसं म्हणाला, "तुमच्या गाडीला मी होतो, ताई. माझ्या गाडीला कोण आहे?"