पाव गोळी

जिंतूरच्या बसस्टँडसमोर त्याचं औषधाचं दुकान आहे. तोंडाचा लय फटकळ. पण गोळी कापायला बसला की श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

माझ्या बायकोला सांधेवातासाठी सहा वर्षं स्टेरॉइडची गोळी चालू होती. डॉक्टरनं ती हळूहळू कमी करायला लावली. तेव्हापासून हा दुकानदार दाढीच्या ब्लेडनं गोळीचे आधी अर्धे, मग पाव तुकडे करायचा आणि रोजची वेगळी पुडी बांधायचा. दर खेपेला बजावायचा, "मामा, कमी करायची हाय, बंद न्हाई. एकदम सोडली तर माणूस जातंय. नुसती मुंडी हलवू नका, मामीला सांगा."

मी मुंडीच हलवायचो. घरी येऊन पुड्या फळीवर ठेवायचो. तिला सांगितलं कधीच नाही.

नवरात्रात तिनं घट बसवले आणि गोळी सोडली. उपासाला चालत नाही म्हणाली. मी बरं म्हणालो. सहाव्या माळेला उलट्या लागल्या, आठव्या माळेला ती गेली.

महिन्यानं दुकानात गेलो. मला बघताच तो गोळी कापायला लागला. तिनं गोळी सोडली आणि ती गेली, एवढं मी सांगितलं. हातातली गोळी त्यानं पुरती कापली, पुडी बांधली आणि मुठीत धरून बसला.

"मामा, तुमी सांगितलं होतं ना मामीला?"

"सांगितलं होतं की."

"मग तुमचा काय दोष न्हाई," तो म्हणाला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

मी तो चहा प्यालो.