ओल्या ताटीमागचे रॉड

पन्नास सालानंतरचा एक उन्हाळा. वडनेरच्या पुढं नाल्यावर लोखंडी पूल टाकायचा होता. आमच्या फौजी वर्कशॉपचा कॅम्प तिथं लागला. मी लान्स नाईक, वेल्डर. माझ्या बायकोचा, सुभद्रेचा धाकटा भाऊ महादेव माझ्याच हाताखाली वेल्डर होता.

काम काय ते सांगतो. पत्र्याले, कठड्याले वेल्डिंगचा साधा रॉड चालते. पण जाड पोलादावर वजन लटकणार असलं तर लो हायड्रोजन रॉडच पाहिजे. त्याचा लेप हवेतली ओल पिते. तो भट्टीत भाजूनच वापरायचा. नाईतर टाका वरून गुळगुळीत, अन् आतून अनारशावाणी जाळी. मग चिरते.

स्टोअर हवालदार गणपत. उन्हानं रॉड बिघडतील असं त्याच्या डोक्यात बसलं. त्यानं पाकिटं फोडून वाळ्याच्या ओल्या ताटीमागं गारव्यात मांडली.

मी म्हटलं, "उस्ताद, हे भाजावं लागते."

"रॉड हाय का पापड? मले नको शिकवू."

मी सुभेदारसाहेबांकडं गेलो. त्यांनी ऑर्डर दिली, सगळे रॉड भाजून द्या. गणपत म्हणाला, "जी साब."

दुसऱ्या दिवशी मी जनरेटरपाशी होतो. महादेव स्टोअरच्या खिडकीवर गेला.

"हवालदारसाहेब, भाजले का?"

"भाजले. कडक."

"मंग चटणी बी द्या संगं."

हसतच बंद डबा घेऊन तो आला. त्या रॉडनं त्यानं गर्डर उचलायची कडी जोडली. तो दिवस कडी टिकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गर्डर उचलला. महादेव खाली लाकडी ठोकळे लावून राह्यला होता. कट् असा आवाज झाला अन् कडी तुटली. सुभेदारसाहेब ओरडले, "हटो!" त्याले हटता आलं नाई.

मेजरसाहेबांपुढं इन्क्वायरी बसली. गणपत म्हणाला, "सर, रॉड भाजलेलेच दिले. वेल्डिंग कच्ची होती. मेला त्याचीच चूक."

मी सावधान उभा होतो. म्हटलं, "सर, परवानगी द्या. त्याच डब्यातल्या उरलेल्या रॉडनं मी कडी जोडतो. तोच गर्डर लटकवतो. हवालदारानं खाली उभं राहावं."

मेजरसाहेबांनी गणपतकडं पाहिलं. "रॉड भाजे थे?"

"जी सर."

"तो खडे रहो नीचे."

गणपतचा पाय उचलला नाई. म्हणाला, "नहीं भाजे, सर."

त्याच्या फिती उतरल्या, जेलही झाली. मले तेवढ्यानं भागलं नाई. तो खाली उभा राह्यला असता तर मी गर्डरची साखळी सोडली असती. आजही सोडीन.

पेन्शनीवर आल्यावर आम्ही आर्वीले राहत होतो. एक दिवस गणपत दारात आला, हात जोडून. माफी मांगाले. मी काठी उचलली. सुभद्रेनं मले थांबवलं. त्याले विचारलं, "माया भाऊ ज्याच्याखाली उभा राह्यला, त्याच्याखाली तू काऊन नाई राह्यला?"

तिनं त्याले पाणी विचारलं नाई. आमच्या घरून बिनपाण्याचा गेलेला माणूस तो एकच. औंदा सुभद्राही गेली. आता तो पुन्हा आला तर मले थांबवणारं कोणी नाई.

महादेव रोहणा गावचा. डावखुरा होता. त्याचा टाका उलट्या अंगानं जाई. त्या पुलाचा कठडा त्यानं आधीच खाली जोडून ठेवला होता. त्यावर त्याचं काम अजून हाय, कुठं चीर नाई. वडनेरकडं गेलो की एसटीतून उतरतो, त्यावरून बोट फिरवतो अन् त्याचं नाव घेतो.