भुंडी कालवड

वसुबारसेला शेजारचे तात्या गेरूची वाटी घेऊन आमच्या गोठ्यात आले. गाईची शिंगं रंगवून झाली आणि कालवडीपाशी त्यांचा हात थांबला. तिच्या कपाळावर कोंभसुद्धा नव्हते. गाईच्या शिंगापासून आमच्या सूनबाईंचा डोळा थोडक्यात वाचला, तेव्हा सूनबाईंनीच हट्टानं गाईला बिनशिंगी वळूचं रेतन करून घेतलं होतं. बापाचा गुण वरचढ ठरला.

"आता रंगवू काय?" तात्या कुरकुरले.

एका पिढीत माणूस केवढं पुसून टाकतो, असं माझ्या मनात येतंय तोवर कालवडीनं मान खाली घातली आणि थेट आईच्या ढबीत तात्यांच्या मांडीला ढुशी दिली. गेरू सांडला.

तात्या खुदकन हसले. "आहेत की गं शिंगं! दिसत नाहीत एवढंच."