पिंजऱ्याची शिखर परिषद

चार माणसं बोलायला जमली की सर आधी उठून खुर्च्या हलवायला लागत. "गोल करा, गोल. टोकाला कुणी नको." चहाच्या टपरीवरसुद्धा ते बाकडी ओढून गोल करायचे आणि टपरीवाल्यालाही त्यात बसवायचे. मग चहा कोण करणार, हा प्रश्न उरायचाच. तुमच्याही ओळखीत असे एखादे निवृत्त शिक्षक असतील. आपण घाईत असतो आणि ते पद्धतीत असतात.

मी उंबरगव्हाणची ग्रामसेविका. बदली होऊन आले त्याच आठवड्यात सर कार्यालयात आले. हायस्कुलात इतिहास-नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, पांढरा शर्ट, खिशात खडू. हो, खडू. फळा दिसेल तिथे ते काहीतरी काढून दाखवायचे. शेजारी देशांनी मिळून केलेल्या संघटनेचा धडा त्यांचा विशेष आवडता. पोरं तो एका गुणासाठी पाठ करायची आणि विसरायची. सरांना मात्र मनापासून वाटायचं, की जगात भांडण मिटवायची एवढीच एक रीत आहे आणि ती कुणी नीट करून पाहिलेली नाही.

ती करून पाहायची संधी त्यांना बिबट्याने दिली.

बेलापूरच्या बाजूला आमची चार गावं एकमेकांना खेटून आहेत. मध्ये सगळा ऊस. बिबट्या भोकरवाडीत शेळी उचलायचा आणि आमच्या हद्दीत बसून खायचा. वनखात्याने चौघांत मिळून एक पिंजरा दिला आणि वनरक्षकाने सांगितलं, "जागा तुम्ही एकमताने ठरवा, हलवायला मी येतो." एकमत म्हटल्यावर चारी गावांना मोठा विनोद वाटला. सरांना वाटला नाही.

त्यांनी शाळेत सरपंचांना बोलावलं आणि फळ्यावर आकृती काढली. वर शिखर परिषद, म्हणजे चार सरपंच. त्याखाली स्थायी समिती. तळाला तांत्रिक समित्या, प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांच्या. बाजूला चौकटीत सचिवालय. त्या चौकटीत त्यांनी माझं नाव लिहिलं.

"मला विचारलं का?" मी म्हटलं.

"महासचिवांना विचारत नाहीत, बाई. नेमतात."

नियम तीनच. निर्णय सर्वांच्या संमतीने. दोन गावांचं आपसातलं भांडण सभेत आणायचं नाही. आणि अध्यक्षपद अकारविल्हे फिरणार.

गाडी अडली ती तिसऱ्या नियमावर. बाराखडीप्रमाणे 'उ' आधी, म्हणून पहिलं अध्यक्षपद उंबरगव्हाणला. भोकरवाडीच्या सरपंचांनी मोबाईल काढून चारी गावांची नावं इंग्रजीत दाखवली.

"ह्यात आमी पयले हाय. तुमचं गाव पार तळाला."

"मोबाईल परका, बाराखडी आपली," सर म्हणाले.

"सरकारी कागद कॉम्प्युटरवर निघत्यात, सर. तुमचं गाव म्हणून पयलं व्हय?"

"माझं गाव ज्ञानपूर असतं तर मुकाट्याने शेवटी बसलो असतो."

उरलेले दोन सरपंच हसले. ते हसले नसते तर कदाचित मिटलंही असतं. भोकरवाडीचे सरपंच उठले आणि चप्पल घालून निघून गेले. पुढच्या सभेला आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. वनखात्याने पहिल्या दिवशी उतरवलेला पिंजरा मात्र त्यांच्याच वस्तीवर होता.

आणि नेमके तेव्हाच बिबट्याचे पंजे आमच्या शाळेच्या वाटेवर उमटले. पोरं त्या वाटेने दोन्हीकडच्या उसातून चालत येतात. शाळेतली हजेरी निम्म्यावर आली. जी पोरं यायची, त्यांच्या मागे आया पत्र्याचे डबे बडवत यायच्या. पिंजरा त्या वाटेवर हवा होता आणि एका सरपंचाची संमती नव्हती. सरांचाच नियम त्यांच्या आड आला होता.

मी म्हटलं, "सर, तिघांचं बहुमत लिहू का? वनरक्षक काही चौकशी करत बसणार नाही."

"नाही." ते एवढे तुटक कधी बोलत नसत. "एकाला वगळलं की उरतात ती तीन गावं आणि एक शत्रू."

"आणि उद्या एखादं पोर उचललं म्हणजे?"

ते उठले. कार्यालयाच्या फळ्यापुढे जाऊन उभे राहिले आणि ती आकृती पुन्हा काढायला लागले. वरून खाली. तळाशी आल्यावर हात थांबला.

"महासचिव, शिखर परिषद भरत नसली तरी तांत्रिक समिती भरू शकते! ती रोजच भरतेय. डबे वाजवतेय."

त्याच दुपारी शाळेच्या ओट्यावर पोरांना पोचवायला येणाऱ्या बायकांची सभा झाली. प्रत्येक गावची एक प्रतिनिधी. भोकरवाडीची प्रतिनिधी म्हणजे तिथल्या सरपंचांची बायको. तिची दोन्ही पोरं त्याच वाटेने येतात.

"ताई, तुमच्या मालकांची नाराजी आहे," सर अदबीने म्हणाले. "तुम्हाला अडचण नको."

"कसली नाराजी? पिंजऱ्यावर माजी धुनी वाळत्यात आन् आत कोंबड्या निजत्यात. बिबट्यासाठी आनलाय का माज्या कोंबड्यांसाठी?" तिने पदर खोचला. "लिवा माजं नाव. संमती हाय. त्यांची बी हाय म्हना."

"त्यांची ते स्वतः सांगतील," सर म्हणाले.

"सांगत्यात की. जेवायला घरीच येत्यात."

संध्याकाळी सरपंचांचा फोन आला. आवाज पडलेला. "मॅडम, वनरक्षकाला बोलवा. पन अध्यक्ष-बिध्यक्ष मी मानत न्हाई." सरांनी ते तस्संच इतिवृत्तात लिहायला लावलं. संमती ती संमती.

पिंजरा वाटेवर लागला आणि थोड्याच दिवसांत बिबट्या सापडला. चारी गावं बघायला लोटली. गाडी निघताना सरांनी वनरक्षकाला गाठलं.

"कुठे सोडणार?"

"लांब, सर. डोंगराकडं."

"तिकडच्या गावांना विचारलंत?"

वनरक्षक हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मनाशी ठरवलं की डोंगर म्हणजे राजूरचा भाग, आणि दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन एसटीत बसले. दोन दिवसांत येतो म्हणाले होते. अजून आलेले नाहीत. तिथे एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी खोली घेतली आहे. गावं जमवताहेत. रेंज मिळाली की फोन करतात आणि तब्येत विचारायच्या आत सदस्यसंख्या सांगतात.

परवा आमच्याकडे पुन्हा पंजे दिसले, या वेळी चौघांतल्याच माळेवाडीच्या पार कडेला. मी वनरक्षकाला फोन लावायला घेतला, तोच रस्त्यावर ट्रॅक्टर आला. मागे पिंजरा, शेजारी वनरक्षक, आणि चालवायला भोकरवाडीचे सरपंच.

"माळेवाडीला सोडतो, मॅडम. तिथं पोरं हायत," म्हणाले आणि थांबलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी मी सरांना हे कळवलं.

"सभा झाली होती?"

"नाही."

"ठराव?"

"काही नाही, सर. स्वतःहून नेला."

पलीकडे राजूरच्या बाजाराची गडबड ऐकू येत होती. मग सरांनी घसा साफ केला.

"हरकत नाही, महासचिव. कार्योत्तर मंजुरी घेऊन टाका."